आधी ‘घे’ म्हणायचं

"सर, आपल्या टीममधी पाच पोरं काहून ठेवली? खेळून तर एकटाच राहिला."

शितलनं हे विचारलं तेव्हा उत्तमसिंग सरांच्या तोंडात शिट्टी होती. ती तशीच तोंडात राहिली आणि तिच्यातून एक बारीकसा, प्रश्न पडल्यासारखा आवाज निघाला. बास्केटबॉलच्या मैदानावरची पाचही पोरं जागच्या जागी थांबली. चेंडू मात्र कुणासाठी थांबत नसतो. तो टप्पे खात कुंपणाखालून शेजारच्या कापसात गेला.

प्रश्न खरं तर तिच्या एकटीचा नव्हता. प्रियदर्शनी आणि दिपा, बाकावर तिच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्या दोघी, सकाळपासून तिला डिवचत होत्या. वर्गात लई तोंड चालतं, तेच सरांपुढं चालवून दाखव म्हणत होत्या. शितलनं विचारलं तर आठवडाभर तिचं दप्तर प्रियदर्शनी उचलणार, नाही विचारलं तर शितलनं दोघींची दप्तरं उचलायची, अशी पैज लागली होती.

मागच्या वर्षीपर्यंत ही पैज लावायचं कुणाच्या डोक्यातही आलं नसतं. तेव्हा शितल हजेरीला ‘हजर’ म्हणायची ते फक्त शेजारणीला ऐकू जायचं. मग शाळेच्या गॅदरिंगला निवेदन करणाऱ्या मुलीचा ऐनवेळी घसा बसला. बाईंनी समोर दिसली म्हणून शितलच्या हातात माईक दिला, आणि दोन मिनिटांत माईकचाही घसा बसला. शितलनं सगळा कार्यक्रम नुसत्या गळ्यावर पार पाडला आणि शेवटच्या रांगेत बसून शेंगा खाणारे लोकसुद्धा शेंगा खायचे थांबले. त्या दिवशी तिला स्वतःचा आवाज सापडला. नवीन घड्याळ मिळालेलं माणूस जसं उगाच सारखी वेळ बघतं, तशी ती तो उगाच सारखा वापरून बघायची.

सर काही रागीट नव्हते. त्यांनी शिट्टी काढून शांतपणे विचारलं, "तुला खेळता येतं का?"

"न्हाई, सर."

"मग?"

पोरं हसली. सगळ्यांत मोठ्यानं हसला प्रेमदास, जो तिच्याच तांड्यावरचा, तिच्या सख्ख्या चुलत्याचा मुलगा. शितलचे कान तापले. हसला नाही तो एकटा रुद्र. एरवी बाहेर गेलेला चेंडू कडेच्या मुली आणून द्यायच्या, पण त्या दिवशी तो स्वतः कुंपण ओलांडून कापसात गेला आणि बराच वेळ परत आला नाही. हसणाऱ्यांपेक्षा त्याचंच शितलला जास्त लागलं.

आता हा रुद्र कोण, तर आखाडा बाळापुरात ज्याचं नाव काळीपिवळी जीपच्या ड्रायव्हरांनाही माहीत, असा दहावीतला पोरगा. आठवीत होता तेव्हा नुसतीच उंची होती. पळताना स्वतःच्या पायात पाय अडकून पडायचा आणि पोरं त्याला ‘शिडी’ म्हणायची. मग एका सुट्टीत तो नांदेडच्या शिबिराला जाऊन आला आणि येताना जणू हात बदलून आला. रोज पहाटे कॅनॉलच्या रस्त्यानं चेंडू आपटत जायचा आणि आपटतच परत यायचा. त्या आवाजावर लोक उठायला लागले. डावा हात, उजवा हात, लांबून, तिरकं, मागं झुकून, कसाही टाकला तरी चेंडू रिंगमध्ये. त्याचे आजोबा ग्यानबा स्टँडवरच्या हॉटेलात चहा पिताना त्याचे गुण असे सांगायचे, जसं सगळं पीक त्यांनीच काढलं आहे.

पण रुद्र जसजसा वाढला तसतशी बाकीची चार पोरं आटत गेली. चेंडू कुणाच्याही हातात येवो, मैदानाबाहेरून एकच ओरडा उठायचा, ‘रुद्रला दे’. सर तेच म्हणायचे, पोरं तेच म्हणायची. आणि मैदानात रुद्रही हात वर करून म्हणायचा, दे. गेल्या वर्षी हिंगोलीला जिल्ह्याच्या फायनलमध्ये समोरच्या शाळेनं साधी गोष्ट केली. तीन पोरं रुद्रला चिकटवून टाकली. उरलेली आपली चार पोरं एसटीला हात दाखवून उभं राहावं तशी उभी, आणि एसटी काही थांबत नव्हती. प्रेमदासच्या हातात एकदा चेंडू आला, समोर कुणी नव्हतं, रिंग मोकळी होती, तरी त्यानं तव्यावरची भाकरी हातात आल्यासारखा तो परत रुद्रकडेच फेकला. हरले.

यंदाची स्पर्धा पंधरा दिवसांवर आली होती. आणि यंदा हरले तर ही दहावीची पोरं शाळा सोडून जाणार. शाळेची टीम जिल्ह्याबाहेर कधी गेलेली नव्हती, ती कधी गेलीच नाही असंच राहणार. म्हणून शितलचा प्रश्न सगळ्यांना झोंबला. पैज जिंकूनही तिला दप्तर द्यावंसं वाटेना. सरांचा ‘मग?’ तिच्या मागं मागं घरापर्यंत आला.

त्या रविवारी तांड्यावर टरबुजं भरायची होती. मुगाचं रान मोकळं झालं तसं शितलच्या बानं, वसरामनं, मल्चिंगचा कागद अंथरून टरबूज लावलं होतं आणि ते नोव्हेंबरातच काढणीला आलं होतं. ट्रक सकाळीच येऊन रस्त्यावर उभा राहिला. मजूर मात्र कमी पडले, कारण कापूस वेचायला दोन जीपा भरून माणसं सेनगावकडं गेली होती. वसरामनं प्रेमदासला सांगितलं, तुझी ती चेंडूवाली पोरं आण, हातपाय बरे दिसतात. पोरं आली. रुद्रही आला. शितलकडं त्यानं बघितलं नाही.

रान भिजलेलं असतं, ट्रक आत येत नाही. म्हणून वावरापासून ट्रकपर्यंत माणसांची रांग लागते आणि फळ या हातातून त्या हातात उडत जातं. वरती ट्रकमध्ये सोयाबीनच्या कुटाराच्या मऊ थरावर एक जण ते रचत असतो. शितल सहावीपासून ह्या रांगेत उभी राहत होती. घरात गोरमाटी, बंजाऱ्यांची बोली, बोलली जायची, पण रांगेत आजूबाजूच्या गावांतले लोकही असायचे, म्हणून रांगेचा शब्द मराठी होता आणि तो एकच होता, ‘घे’. देणाऱ्यानं आधी घे म्हणायचं, मग फळ सोडायचं. घे म्हटल्यावर फुटलं तर ते घेणाऱ्याचं. न म्हणता फुटलं तर देणाऱ्याचं. आणि ज्याचं फुटलं त्यानं रांगेबाहेर बसून ते सगळंच्या सगळं खायचं. ऐकायला ही शिक्षा गोड वाटते. पहिलं टरबूज गोडच लागतं. दुसऱ्याला माणूस देवाचं नाव घ्यायला लागतं.

रुद्रची जागा शितल आणि प्रेमदास यांच्या मधोमध आली. शितल घे म्हणून देत होती, तो झेलत होता. त्याचे हात काय विचारता, फळ जसं हातात विरघळायचं. पण पुढं देताना तो तोंडानं काहीच बोलेना. दहा-बारा फळं गेली आणि मग एक सणसणीत टरबूज प्रेमदास घाम पुसत असताना आलं. ते त्याच्या छातीवर फुटलं. प्रेमदास हनुवटीपासून कमरेपर्यंत लालभडक झाला आणि आपल्याला नक्की किती लागलं ते चाचपून बघायला लागला.

वसराम पाठीमागं हात बांधून आला. त्यानं आधी प्रेमदासच्या बनियनवरची एक बी उचलून तोंडात टाकली, मग रुद्रला विचारलं, "घे म्हणला व्हता का?"

"न्हाई, काका."

"मग तुझं हे. बस तिकडं."

जिल्ह्यातला सगळ्यात चांगला खेळाडू बांधावर मांडी घालून टरबूज खायला बसला. रांग त्याच्यासाठी थांबली नाही. शितलनं एक पाऊल पुढं टाकलं, प्रेमदासनं एक मागं घेतलं, मधली जागा भरली आणि फळं पुन्हा उडायला लागली. घे, घे, घे. रुद्र खात होता आणि बघत होता. मैदानावर ज्या पोरांच्या हातून साधा चेंडू सुटायचा, तीच पोरं इथं नजरेला नजर लावून एवढं जड फळ अलगद झेलत होती. प्रेमदास तर मध्येच एका हातानं झेलून दाखवत होता.

टरबूज संपवून रुद्र परत रांगेत आला तेव्हा त्याचं पोट पुढं आलं होतं. त्यानं पहिल्यांदा शितलला विचारलं, आधीच घे म्हणायची काय गरज, फळ तर दिसतंच की येताना. शितलनं हातातलं टरबूज तसंच धरून ठेवलं. म्हणाली, दिसेपर्यंत उशीर होतो. फळ माझ्या हातातून सुटायच्या आधी तुझ्या हाताला कळायला पाहिजे.

"अन घेणारा दे म्हणला तर?"

"रांगेत दे कोण म्हणतं? बारी आली की येतंच. हात मोकळे ठेवायचे बस."

रुद्रनं रसानं चिकट झालेले हात पँटला पुसले. मग खालच्या आवाजात बोलला. "त्या दिवशी तू विचारलं ना. मला काय एकट्याला खेळायची हौस हे का? मी दिला तरी ते मलाच वापस देतात. किती दिवस देऊ? मग सोडून दिलं."

शितलनं टरबूज हातात नीट तोललं. मग ती म्हणाली, "तू देत असशील बराबर. पण घे म्हणतो का?" आणि म्हणता म्हणताच, "घे."

त्यानं झेललं. प्रेमदासकडं वळला आणि मोठ्यानं म्हणाला, "प्रेमदास, घे."

सोमवारी सरांनी शिट्टी वाजवायच्या आत रुद्रच बोलायला लागला. आजपासून मैदानात ‘दे’ बंद. देणारा नाव घेऊन घे म्हणणार. माझ्याकडून आलेला चेंडू लगेच मला वापस चालणार नाही. बिनघे दिलेला चेंडू बाहेर गेला तर देणाऱ्यानंच कापसातून आणायचा. सरांनी कपाळाला आठ्या घातल्या. मग त्यांची नजर कडेला उभ्या असलेल्या शितलकडं गेली, आणि त्यांनी आठ्या तशाच ठेवून शिट्टी वाजवली.

पहिले तीन-चार दिवस मैदानापेक्षा कापसातच जास्त खेळ झाला. पोरांच्या पायाला बोंडांच्या वाळक्या नख्या ओरखडून राहिल्या. रुद्रचे गुण घसरले. ही बातमी स्टँडवर पोहोचली आणि हॉटेलात कुणीतरी ग्यानबांना छेडलं की तुमच्या नातवाचा हात गेला म्हणतात. ग्यानबा चहा अर्धा सोडून घरी आले. "काय रे, तुझी तब्येत बरी हे ना? सगळ्यांला वाटून देऊन राहिला म्हणं."

हात गेला नव्हता, रुद्र काहीतरी शिकून राहिला होता. पूर्वी तो फक्त रिंग बघायचा. आता त्याला माणसं दिसायला लागली. प्रेमदासला चेंडू कमरेपाशी लागतो, छातीवर आला की तो अजून दचकतो, हे त्याला कळलं. संतराम, जो कोपऱ्यात उभा राहून मागचं अख्खं वर्ष चेंडूला नुसता नमस्कार करत होता, तो त्याच कोपऱ्यातून डोळे मिटूनही टाकू शकतो, हे कळलं. पोरं आता ‘दे’ ओरडत नव्हती, बघत होती. आणि आठव्या-नवव्या दिवशी एकाएकी ते जमलं. चेंडू पाच जणांत असा फिरला की कडेला उभ्या मुलींच्या माना भोवऱ्यागत झाल्या. कापसात त्या दिवशी कुणीच गेलं नाही.

तरी शितल दिवस मोजत होती. आता हरले तर लोक म्हणणार, त्या तांड्यावरच्या पोरीनं चांगल्या पोराचा खेळ मोडला.

हिंगोलीला फायनल. समोर तीच शाळा, तीच तीन उंच पोरं, आल्या आल्या रुद्रला चिकटली. बाळापूरहून दोन जीपा भरून माणसं आली होती, पहिल्या रांगेत फेटा बांधून ग्यानबा. रुद्रनं चेंडू दिला. पुन्हा दिला. संतरामचा पहिला नेम चुकला, प्रेमदासचा रिंगवर नाचून बाहेर पडला. आपली शाळा मागं पडली आणि जुनी सवय उफाळून आली. ग्यानबांनी फेटा हातात घेऊन सुरुवात केली आणि सगळे ओरडायला लागले, रुद्रला दे, रुद्रला दे. मैदानात प्रेमदासचे हात पुन्हा भाकरी चटकल्यासारखे व्हायला लागले. ते शितलला इतक्या लांबून दिसलं.

ती उठून बाकावर चढली. प्रियदर्शनीनं तिचा पंजाबी ड्रेस ओढला, दिपा म्हणाली बस खाली, लोक बघून राहिले. शितलनं छाती भरून श्वास घेतला आणि गॅदरिंगचा तो आवाज काढला.

"घे म्हणा रे, घे."

आवाज ग्यानबांच्या डोक्यावरून गेला आणि मैदानाच्या मधोमध पडला. रुद्रनं वर बघितलं आणि हसला. मग ह्या दोघीही उभ्या राहिल्या, मग सगळ्या मुली, टाळ्यांवर, घे, घे, घे. ग्यानबांना हे काय चाललंय कळेना, पण नातू हसला म्हणताना त्यांनीही फेटा हलवून घे म्हणायला सुरुवात केली. मैदानात आवाज उठला, "संतराम, घे," आणि संतरामनं कोपऱ्यातून टाकला. गेला. "प्रेमदास, घे," कमरेपाशी, बराबर. गेला. समोरची तीन पोरं रुद्रला सोडून इकडं पळ तिकडं पळ करायला लागली.

शेवटचं मिनिट सरत आलं तेव्हा आपण एका गुणानं मागं होतो. चेंडू रुद्रच्या हातात, तिघं पुन्हा त्याच्यावर. रुद्रनं बघितलं, प्रेमदास मोकळा होता. त्यानं स्वच्छ आवाजात म्हटलं, "प्रेमदास, घे."

आता समोरच्या पोरांनी सगळा सामना हा शब्द ऐकला होता आणि प्रत्येक वेळी तो खरा निघाला होता. तिन्ही पोरं एकदम प्रेमदासकडं झेपावली. प्रेमदासनं हात पुढं केले. आणि रुद्रसमोर रिंग, तिच्यामागं हिंगोलीचं निळं आभाळ, मध्ये कुणी नाही. चेंडू अजून त्याच्याच हातात होता. पुढचं एका क्षणात झालं. चेंडू रिंगमधून खाली पडला, शिट्टी वाजली, आणि प्रेमदास रिकामे हात पुढं करून तसाच उभा होता.

जिंकले. ग्यानबांचा फेटा कुठं गेला ते शेवटपर्यंत सापडलं नाही. ते समोर येईल त्याला सांगत होते, माझ्या नातवाची टीम हे ही, पाचही पोरं वाघ. पण मैदानाच्या मधोमध पोरांच्या ढिगाऱ्यातून प्रेमदास बाहेर आला तो भांडतच. घे म्हणला अन दिलं न्हाई, हे त्याचं म्हणणं. जिंकणं वेगळं, नियम वेगळा.

संध्याकाळी जीप तांड्यावर थांबली तेव्हा हा खटला वसरामपुढं आला. वसरामनं दोन्ही बाजू ऐकल्या. हनुवटी खाजवली.

"घे म्हणला व्हता का?"

"व्हय, काका," रुद्र म्हणाला.

"मग दिलं काहून न्हाई?"

"देणारच व्हतो, काका. तिघंही निघून गेले. रिंग मोकळी दिसली."

वसरामनं घरातून शेवटचं उरलेलं, सगळ्यात मोठं टरबूज आणून त्याच्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, विभागाच्या स्पर्धेला जाऊन अशीच चूक कर, मी आणखी लावतो. रुद्रनं खायला सुरुवात केली. अर्ध्यावर त्यानं देवाचं नाव घेतलं, मग प्रेमदासकडं बघितलं. "घे ना," म्हणाला, अगदी केविलवाणा. मग बाकीचे चौघंही मदतीला बसले आणि सालीशिवाय काही उरलं नाही.

उत्तमसिंग सर जीपला टेकून हे बघत होते. शितल शेजारी उभी होती. तिच्याकडं न बघताच त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, "तुला खेळता येतं का?"

शितलनं ह्या वेळी न्हाई म्हटलं नाही. ती म्हणाली, झेलता येतं, सर. देताही येतं. रिंगमधी टाकायचं तेवढं राहिलंय.

सर हसले. म्हणाले, ते शिकवता येतं, पहिली दोन शिकवायला फार तकलीफ पडते. मुलींची टीम करायची तर पाच जणी लागतात. शितलनं वळून बघितलं. प्रियदर्शनी आणि दिपा लगेच दुसरीकडं बघायला लागल्या, आणि त्यावरून तिला कळलं की तीन तर झाल्याच.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरताना बा आणि याडी रिकाम्या वावरात ठिबकच्या नळ्या गुंडाळत होते. एका टोकाला वसराम, दुसऱ्या टोकाला तिची आई जमनाबाई, मध्ये लांबच लांब काळी नळी. शितल दप्तर न उतरवताच बांधावरून खाली आली आणि दोघांच्या मधोमध, नळीच्या बाजूला उभी राहिली. आवाज तिनं थोडा कमीच ठेवला, इथं शेवटच्या रांगेत कुणी बसलेलं नव्हतं.

"याडी, बा, उद्यापासून शाळा सुटल्यावर मी घरी उशिरा येणार. मुलींची टीम निघून राहिली, मी त्यात खेळणार. विचारून न्हाई राहिले, सांगून राहिले. आधीच घे म्हणते, म्हणजे तुमचे हात तयार राहतील."